होडी रंगवताना टेप लावावी का? माझं मत: नको

कृष्णाकाठचा (सांगलीवाडी)
आमची होडी सोळा फुटी, सागवानी. एरवी मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात, जायला-यायला, आणि महापूर आला की गल्लीत. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती कंपाउंडच्या भिंतींना घासत घासत फिरली. तेव्हापासून वरवरची डागडुजीच चालली होती. यंदा पाडव्याआधी रंगवायला काढली. बाहेरून निळा ऑईल पेंट, पाण्याच्या रेघेखाली काळा, वरचा काठ आणि बसायच्या फळ्या व्हार्निशच्या.

आमच्या काकांनी जन्मभर टेप न लावता रंग दिला. मी शहाणपणा करून पुतण्याचं ऐकलं आणि मास्किंग टेप आणली. काढताना निळ्याच्या रेघेला करवतीसारखे दात. दोन जागी खालचा थरच टेपबरोबर आला. काठावर गोंद असा बसला की टर्पेंटाईनची चिंधी घेऊन दिवसभर घासत होतो. गोंद निघाला, सोबत व्हार्निशची चमकही गेली. ज्याचा हात चालत नाही त्यानं टेप लावावी, असं माझं स्पष्ट मत झालंय.

गॅरेजवाला मिरज
दादा, टेप किती दिवस होती अंगावर? मतं नंतर.

कृष्णाकाठचा
गुरुवारी लावली, रविवारी काढली. मधे लग्न होतं.

गॅरेजवाला मिरज
मग टेपला का शिव्या देताय? सांगलीचं ऊन आणि तीन दिवस! ती साधी पिवळट कागदी टेप असणार. तिचा गोंद उन्हानं भाजला की लाकडाला धरतो आणि कागद तेवढा हातात येतो. ती त्याच दिवशी काढायची असते. लांबवर ठेवायची असेल तर निळी मिळते, महाग असते पण दोन-चार दिवस ऊन सोसते. आणि रंग पुरा वाळल्यावर ओढली तर थर फाटणारच, कारण तोवर टेपवरचा आणि लाकडावरचा रंग मिळून एकच साल झालेली असते. शेवटचा हात मारला, रंग जरा आळला की काढायची. स्वतःवरच दुमडून, तिरकी, सावकाश.

टेप जन्मली तीच गाड्यांच्या रंगासाठी. १९२५ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यानं काढली. तेव्हा दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती आणि कारागीर वर्तमानपत्रं चिकटवून बसायचे, काढताना रंग उपटायचा. तुमचं दुखणं शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

हरिपूरचा सुतार
मोटारीचा पत्रा आणि होडीची फळी एक नाही ओ. पत्रा गुळगुळीत असतो. लाकडाला रेषा असतात, दोन फळ्यांमधे सांधा असतो, लांबी (पुट्टी) भरलेली जागा वेगळी असते. टेप त्या खाचांवरून पूल टाकते आणि रंग पुलाखालून जातो. दात पडतात ते असे. त्यात ऊन काही करत नाही.

दुसरं, जे कुणी बोलत नाही. टेपच्या कडेला रंग साचून बांध तयार होतो. व्हार्निशचे सहा-सात हात द्यायचे असतात, दर वेळी त्याच रेघेवर टेप लावली की बोटाला लागेल इतकी पायरी होते. पाणी त्या पायरीत शिरतं आणि व्हार्निश तिथूनच सुटायला लागतं. हातानं मारलेली कड पातळ होत जाते, शेजारच्या रंगावर केसभर चढते आणि सांधा बंद करते. मी ब्रशच वेगळा ठेवलाय, लांब केसांचा, झिजून जरा निमुळता झालेला. रंग थोडा पातळ, करंगळी फळीवर टेकवलेली, मनगट नाही तर अख्खा दंड सरकवायचा.

गॅरेजवाला मिरज
मिस्त्री, तुमचा हात चालतो म्हणून. ज्याची होडी चार वर्षांत एकदा रंगते त्याचा दंड कुठून सरकणार?
आणि दाताला उपाय आहे. टेप लावून कड नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं दाबायची, मग नवा रंग मारायच्या आधी खालच्याच रंगाचा एक पातळ हात कडेवरून फिरवायचा. झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं, दिसत नाही, आणि फटी बुजतात. पायरी नको असेल तर दर हाताला नवी टेप, आधीच्यापेक्षा केसभर सरकवून.

हरिपूरचा सुतार
सहा हातांना सहा वेळा टेप लावणार, दाबणार, काढणार. तेवढ्यात मी दुसरी होडी रंगवीन.

बामणोलीकडचा
आमच्याकडं कोयनेच्या शिवसागरात वासोटा किल्ल्याच्या होडीच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद असतात, मग उघडीप बघून रंग. हवा इतकी ओली की सकाळी लावलेली टेप दुपारी आपोआप लोंबते. तरी एका जागी मी टेप सोडणार नाही, ती म्हणजे पाण्याची रेघ. ही रेघ नजरेनं हातानं मारणारा माणूस मी अजून बघितला नाही. गवंड्याचा लेव्हल पाईप घ्या, होडी ठोकळ्यांवर सरळ बसवा, दर दोन फुटांवर खूण करा. मग टेप एका दमात लांब ओढून लावा. तुकडे जोडलेत की लगेच कळतं. लावून झाली की वीस पावलं मागं जाऊन बघा. गंमत म्हणजे मोजून सरळ मारलेली रेघ नाळेकडं, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडं, खाली झुकल्यासारखी दिसते, म्हणून तिथं थोडी वर उचलावी लागते. टेप असली तर उचलून परत लावता येते. ब्रशनं मारलेली रेघ कशी उचलणार, मिस्त्री?

हरिपूरचा सुतार
पाण्याच्या रेघेचं मान्य. तिथं मीही दोरी मारतो. पण वरच्या काठाला नाही म्हणजे नाही.

मिरजेची लेक
आमच्या घरी तंबोऱ्या-सतारींचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते तुम्ही वाचलं असेलच. आमचं पॉलिश लाखेचं, स्पिरिटमधलं, कापसाच्या बोळ्यानं चढवतात. त्यावर टेप लावायची हिंमत घरात कुणी करत नाही. माझ्या भावानं एकदा केली, वडील आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. ताज्या लाखेवरून टेप काढली की खाली मॅट पट्टा उरतो. तुमचं व्हार्निश वेगळं हे खरं, पण एक गोष्ट तीच: थर पूर्ण पक्का झाल्याशिवाय त्यावर काहीही चिकटवू नका. वरून कोरडं लागतं, आतून मऊच असतं. कृष्णाकाठच्या दादांचा थर उपटला तो टेप काढताना नाही बिघडला, लावतानाच बिघडला. आदल्या दिवशीच्या रंगावर लावली होती ना?

कृष्णाकाठचा
हो. आदल्या संध्याकाळच्या. ताई, तुम्ही आमच्या अंगणात होता काय?

मिरजेची लेक
नाही हो. घरोघरी तेच होतं. आणि क्रम काय ठेवला होता? आधी निळा की आधी व्हार्निश?

कृष्णाकाठचा
आधी निळा. मोठं काम आधी उरकलं.

हरिपूरचा सुतार
इथं खरी चूक. टेप असो नसो, आधी व्हार्निश. कोऱ्या सागावर निळा थेंब पडला की तो रेषांत उतरतो, खरवडल्याशिवाय जात नाही. व्हार्निश झालेल्या फळीवर पडला तर चिंधीनं पुसला जातो. व्हार्निश खाली रेघेच्या पलीकडं अर्धा बोट जाऊ दे, पक्कं झालं की तेवढं पॉलिश पेपरनं घासून निळ्यानं झाकायचं. म्हणजे कड एकदाच सांभाळायची, सहा वेळा नाही.

गॅरेजवाला मिरज
हे पटलं. आणि मग त्या एका वेळी टेप लावली तर कुणाच्या बापाचं काय जातं?

हरिपूरचा सुतार
लावा. मी बघायला येत नाही.

कृष्णाकाठचा
काकांना सगळं वाचून दाखवलं. सुताराच्या बाजूनं मान हलवली, बामणोलीकरांच्या रेघेवर गप्प बसले, म्हणजे पटलंय. माझं मत मी अर्धं मागं घेतो. पाण्याच्या रेघेला टेप, काठाला काकांचा हात, आणि लग्नाच्या आठवड्यात कशालाच काही नाही.

काठ घासून पुन्हा पहिल्यापासून व्हार्निश सुरू केलंय. आज चौथा हात होता. सकाळी दव उडून गेल्यावर दिला, आरशासारखा बसला. दुपारी शेजारच्या फडातलं पाचट कुणीतरी पेटवलं. आता काठभर काळी राख चिकटलीय, त्यावर टेपवाल्यांकडं किंवा हातवाल्यांकडं काही असेल तर सांगा.

गॅरेजवाला मिरज
हात लावू नका. वाळू द्या पक्कं. मग बारीक पॉलिश पेपर, पाण्यातला.

हरिपूरचा सुतार
तेच.