मदत हवी आहे: गेममधला मिथ्र कसा रंगवावा?

नमस्कार मंडळी. मी आणि माझा भाचा मिळून एक छोटा गेम बनवतोय. त्यातलं मुख्य पात्र आहे मिथ्र, म्हणजे सूर्यनमस्कारात आपण सगळ्यात आधी ज्याचं नाव घेतो त्या मित्राचा इराणी भाऊ. इसवीसनापूर्वी 14व्या शतकातल्या हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या प्राचीन राज्यांमधल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. अवेस्तात, म्हणजे पारशी धर्मग्रंथात, 'मिथ्र' या शब्दाचा अर्थच करार. म्हणून आमच्या गेममध्ये शब्द मोडला की ताकद घटते, पाळला की वाढते. हे छान जमलंय.

अडलंय ते चित्रात. मिहिर यश्तात, म्हणजे अवेस्तातल्या मिथ्राच्या स्तोत्रात, त्याला हजार कान, दहा हजार डोळे, हातात गदा आणि चार पांढऱ्या घोड्यांचा रथ आहे. 64 पिक्सेलच्या आकृतीत डोळे काढले की अंगभर नुसते ठिपके दिसतात. काल रात्री तिसऱ्यांदा पुसलं. इराणमधल्या ताक-ए-बोस्तानच्या शिल्पात तो कमळावर उभा आहे, डोक्याभोवती किरणं. तेच घ्यावं का? भाचा म्हणतो, रोमन मिथ्रासारखा बैल मारताना दाखवू. मला ते पटत नाही, ती पुढची, वेगळी परंपरा आहे.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. पारशी बांधवांसाठी मेहेर यझद, म्हणजे हाच मिथ्र, आजही पूज्य आहे. खेळात तो हरला, मेला असं दाखवलं तर मन दुखावेल का? इथे कुणी पारशी असाल तर मोकळेपणाने सांगा, तसा बदल करू.