'संगीत' आणि 'आनंद' असे दोन्ही अर्थ असलेले चिनी अक्षर: मूळ चित्र, उच्चार आणि 'औषधा'शी नाते

प्रश्न

चिनी लिपीचा अभ्यास करताना एका अक्षरापाशी माझे अडले आहे. त्याच्या पारंपरिक रूपात वर मध्यभागी 'पांढरा' या अर्थाचे चिन्ह असून त्याच्या दोन्ही बाजूंना रेशमाच्या पिळाची दोन चिन्हे आहेत आणि खाली 'झाड' किंवा 'लाकूड' या अर्थाचे चिन्ह आहे. असे हे पंधरा रेघांचे अक्षर आज चीनमध्ये पाच रेघांच्या सरलीकृत रूपात लिहिले जाते. 'संगीत' या अर्थी त्याचा उच्चार 'युए' आणि 'आनंद' या अर्थी 'लऽ' असा होतो, दोन्ही उच्चार चौथ्या म्हणजे उतरत्या सुरात, एवढे पाठ्यपुस्तकात दिलेले आहे. शब्दकोशात मात्र 'याओ' आणि 'लाओ' असे आणखी दोन उच्चार दिसतात.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे चित्र मुळात कशाचे आहे? एकाच अक्षराला इतके वेगळे उच्चार कसे आले, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? तिसरी गोष्ट अशी की याच अक्षरावर गवताचे चिन्ह ठेवले की 'औषध' हे अक्षर तयार होते, आणि प्राचीन चीनमध्ये संगीताने रोग बरे करीत असत म्हणून ते तसे घडले, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते कितपत ग्राह्य आहे?

पहिला प्रतिसाद

चित्राविषयी सांगतो. या अक्षराची सर्वांत जुनी रूपे शांग राजवटीच्या अखेरच्या काळातील, म्हणजे आजपासून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या, बैलांच्या हाडांवर व कासवांच्या कवचांवर कोरलेल्या शकुनलेखांत आढळतात. हे लेख प्रामुख्याने हनान प्रांतातील आनयांग येथे सापडले. त्या रूपात खाली झाड आणि वर रेशमाचे दोन पीळ एवढेच असते, 'पांढरा' हा मधला भाग नसतो. तो पुढे झोऊ काळातील कांस्यलेखांत येतो.

इ.स. १०० च्या सुमारास शू शेन याने सिद्ध केलेल्या 'शुओवन ज्येत्झ' या कोशात या अक्षराचा अर्थ 'पाच स्वर आणि आठ प्रकारचे ध्वनी यांचे एकत्रित नाव' असा दिला आहे, आणि वरचा भाग म्हणजे ढोल व खालचे लाकूड म्हणजे ते टांगण्याची घोडी, असा आकृतीचा उलगडा केला आहे. शू शेनच्या समोर शकुनलेख नव्हते, कारण ते तेव्हा जमिनीखाली गाडलेले होते आणि विद्वानांचे त्यांच्याकडे लक्ष गेले ते १८९९ मध्ये. त्याने पाहिलेली रूपे हजार वर्षांच्या लेखनाने घडत आलेली होती, त्यामुळे त्याला मधला भाग आणि बाजूचे पीळ मिळून वाद्यांचा संच वाटणे स्वाभाविक होते.

शकुनलेखांच्या आद्य अभ्यासकांपैकी लुओ झेनयू (१८६६–१९४०) यांनी लाकडावर ताणलेले रेशमी तंतू, म्हणजे तंतुवाद्य, असा अर्थ लावला आणि नंतर आलेला मधला भाग तारा जुळवण्याचे साधन मानला. चिनी तंतुवाद्यांच्या तारा परंपरेने रेशमाच्याच असत, म्हणून हे स्पष्टीकरण मनाला लगेच पटते, आणि आज लोकप्रिय पुस्तकांतून तेच सर्वत्र दिले जाते.

तरीही मी ते निर्विवाद मानणार नाही. शकुनलेखांत हे अक्षर स्थळनाम म्हणून आलेले आहे, आणि स्थळनामावरून मूळ अर्थ सिद्ध होत नाही. शिवाय उत्खननात प्रत्यक्ष हाती आलेली चिनी तंतुवाद्ये झोऊ काळातील आहेत, शांग काळातील नव्हेत. हे चित्र मुळात ओकसारख्या एखाद्या झाडाचे असावे आणि 'संगीत' या अर्थाचा शब्द उच्चारसाम्यामुळे त्या चिन्हाने लिहिला जाऊ लागला असावा, असेही मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. चित्र पाहून अर्थ सांगणे सोपे असते, पण तेच चित्र तिघांनी पाहिले तर तीन अर्थ निघतात, आणि नेमके तेच येथे झाले आहे.

दुसरा प्रतिसाद

उच्चारांचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे भक्कम पुरावा हाती आहे. सोंग काळात १००८ मध्ये पूर्ण झालेल्या 'ग्वांगयून' या यमककोशात या अक्षराचे तीन उच्चार नोंदलेले आहेत. त्या कोशात उच्चार दोन परिचित अक्षरांनी दाखवीत, पहिल्याचे आरंभीचे व्यंजन घ्यायचे आणि दुसऱ्याचा उरलेला भाग त्याला जोडायचा. त्या पद्धतीने वाचल्यास 'संगीत' या अर्थाचा उच्चार 'ङ' ने सुरू होऊन 'क' ने संपतो, 'आनंद' या अर्थाचा साधारण 'लाक' असा होतो, आणि 'आवड असणे, ओढ वाटणे' या तिसऱ्या अर्थाचा उच्चार पुन्हा 'ङ' ने सुरू होतो, मात्र त्याच्या शेवटी 'क' नसतो. आजचे युए, लऽ आणि याओ हे अनुक्रमे या तिघांचे वंशज आहेत.

मराठी वाचकाला वर्णमालेतला 'ङ' शब्दाच्या आरंभी कधी भेटत नाही, पण कँटोनीज भाषेत तो आजही तसाच उच्चारला जातो. तेथे संगीत म्हणजे 'ङॉक', आनंद म्हणजे 'लॉक' आणि आवडणे म्हणजे 'ङाऊ'. शेजारच्या भाषांनी हे शब्द उसने घेतले तेव्हा प्रत्येकीने आपल्या ध्वनिव्यवस्थेप्रमाणे त्यांना मुरड घातली. जपानीत 'ङ' चा 'ग' होऊन 'गाकु' झाले (संगीत म्हणजे 'ओंगाकु') आणि 'ल' नसल्यामुळे 'राकु' झाले. कोरियनमध्ये आरंभीचा 'ङ' गळून 'आक' उरले, म्हणून संगीताला तेथे 'उमाक' म्हणतात, तर आनंदासाठी 'राक' असून शब्दारंभी त्याचे 'नाक' होते. व्हिएतनामीत 'न्याक' आणि 'लाक' असे दोन्ही आहेत. चार भाषांतील हे शब्द शेजारी ठेवले की अंत्य 'क' सर्वत्र दिसतो आणि फक्त मंदारिनमध्ये, म्हणजे चीनच्या आजच्या प्रमाणभाषेत, तो लोपलेला आढळतो. मला ही तुलना अतिशय सुंदर वाटते, कारण एका भाषेने पुसून टाकलेले दुसरीने जपून ठेवले आहे.

आता नात्याविषयी. बॅक्स्टर आणि सागार या भाषाशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राचीन चिनीच्या पुनर्रचनेत 'संगीत' आणि 'आनंद' या दोन्ही शब्दांचा गाभा 'र'युक्त आणि जवळजवळ सारखा मानला असून 'संगीत' या शब्दात त्या गाभ्यापूर्वी 'ङ' धरला आहे. 'आवडणे' हा तिसरा शब्द 'संगीत'वाल्या रूपाला शेवटी 'स' जोडून साधलेला मानतात, आणि याच 'स' च्या लोपातून पुढे उतरता सूर जन्मला, हा विचार फ्रेंच अभ्यासक ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये मांडला होता. पुनर्रचना म्हणजे प्रत्यक्ष नोंद नव्हे, हे लक्षात ठेवूनही असे म्हणता येते की हे तीन परके शब्द योगायोगाने एका अक्षरात येऊन बसलेले नाहीत; ते एकाच कुळातले असावेत. प्राचीन चिनी लेखकांनाही हे नाते जाणवत होते. शुन्झी या प्राचीन विचारवंताच्या ग्रंथातील संगीतविषयक प्रकरणात 'संगीत म्हणजे आनंद' असे विधान आहे, आणि ते लिहिताना दोन्ही शब्दांसाठी हेच एक अक्षर दोनदा येते. 'वसंत-शरद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, झोऊ राजवटीतील कालखंडातील कांस्यघंटांवरही 'मान्यवर पाहुण्यांना आनंदविण्यासाठी' अशा आशयाचे लेख याच अक्षराने कोरलेले आहेत.

'याओ' हा उच्चार आज जवळजवळ एकाच संदर्भात भेटतो. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या सहाव्या प्रकरणात ज्ञानी माणसाला पाण्याची आणि सहृदय माणसाला पर्वताची ओढ असते, असे म्हटले आहे, आणि तेथे हे अक्षर परंपरेने 'याओ' असे वाचतात. त्याच ग्रंथाच्या पहिल्याच परिच्छेदात दूरवरून मित्र येणे ही आनंदाची गोष्ट नव्हे काय, असे विचारले आहे, तेथे मात्र ते 'लऽ' वाचायचे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'लाओ' हा चौथा उच्चार मात्र यमककोशातील तीन उच्चारांत बसत नाही असे दिसते. तो अपवाद समजावा काय? आणि औषधाचे काय?

दुसऱ्या प्रतिसादाचे लेखक

'लाओ' अपवाद नाही, तो 'लाक' या जुन्या उच्चाराचाच उत्तरेकडील बोलीतला वारस आहे. यमककोशात या अक्षरासोबत त्याच 'लाक' उच्चाराच्या गटात 'पडणे', 'डागणे' आणि 'दुधाचा घट्ट पदार्थ' या अर्थांची अक्षरे आहेत. त्यांपैकी शेवटची दोन आज मंदारिनमध्ये 'लाओ' अशीच उच्चारली जातात, आणि पहिल्याचा ग्रंथांतील उच्चार 'लुओ' असला तरी बोलण्यात 'लाओ' हे रूपही टिकून आहे. अंत्य 'क' गेल्यावर ग्रांथिक उच्चार एका दिशेने आणि बोलीतील उच्चार दुसऱ्या दिशेने गेला, हा उत्तर चीनमधला नियमित बदल आहे. आपल्या अक्षराच्या बाबतीत ते बोलीरूप फक्त स्थळनामांत शिल्लक राहिले, उदाहरणार्थ हबेई प्रांतातील लाओटिंग, जेथे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी ली दाझाओ यांचा १८८९ मध्ये जन्म झाला. परदेशी नकाशांत त्या गावाचे नाव कधीकधी 'लऽटिंग' असे छापलेले दिसते, पण तेथील लोक तसे म्हणत नाहीत. याउलट झजियांगमधील युएचिंग या शहराच्या नावात हेच अक्षर 'युए' आहे, आणि सिच्वानमधील, भव्य बुद्धमूर्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या लऽशान या शहराच्या नावात ते 'लऽ' आहे. स्थळनामांचे उच्चार एकेक करून पाठ करण्याला पर्याय नाही.

तिसरा प्रतिसाद

औषधाविषयीचे लोकप्रिय स्पष्टीकरण मला स्वीकारार्ह वाटत नाही, आणि ते इतक्या आत्मविश्वासाने पसरवले जाते याचे वाईट वाटते. शू शेनच्या कोशातच त्या अक्षराचा उलगडा आहे: रोग बरा करणारी वनस्पती, गवताचे चिन्ह अर्थासाठी आणि खालचा भाग ध्वनीसाठी. बहुसंख्य चिनी अक्षरे अशाच रीतीने, एक अर्थसूचक आणि एक ध्वनिसूचक घटक मिळून घडलेली आहेत. हाच घटक दगडाच्या चिन्हाला जोडला की 'खडी', लाकडाच्या चिन्हाला जोडला की 'ओक', आणि धातूच्या चिन्हाला जोडला की 'वितळवणे' अशी अक्षरे होतात. खडीने किंवा वितळलेल्या धातूने कोणाला संगीतसुख मिळते असे कोणी म्हणत नाही, मग औषधालाच तो न्याय का लावायचा?

मंदारिनमध्ये ही अक्षरे ली, ली, शुओ आणि याओ अशी उच्चारली जातात, त्यामुळे त्यांचे ध्वनिसाम्य आज कानाला जाणवत नाही, आणि याच कारणाने लोक अर्थाच्या कथा रचू लागतात. जपानीत मात्र खडी 'रेकी', वितळवणे 'शाकु', औषध 'याकु' आणि संगीत 'गाकु' आहे. वर सांगितलेला अंत्य 'क' येथे सर्वांच्या ठिकाणी शाबूत आहे. आणखी एक पुरावा सरलीकरणात मिळतो. १९५६ च्या योजनेनंतर चीनमध्ये औषधाच्या अक्षरातील हा घटक काढून त्याजागी 'करार' या अर्थाचे, 'युए' असा उच्चार असलेले अक्षर बसवले गेले. घटकाचे काम अर्थ देण्याचे असते तर असा बदल कोणाला सुचला नसता.

प्रश्नात उल्लेखिलेले पाच रेघांचे रूप मात्र कार्यालयात बसून नव्याने रचलेले नाही. ते जुन्या शीघ्रलेखनातील वळण आहे, ज्याला या सरलीकरणाने अधिकृत मान्यता दिली. जपानने स्वतंत्रपणे वेगळे रूप स्वीकारले, त्यात रेशमाचे पीळ जाऊन मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना छोट्या रेघा राहिल्या आणि खालचे झाड कायम राहिले.

चौथा प्रतिसाद

एक लहानशी भर घालतो. संस्कृतातील 'सुखावती' या अमिताभ बुद्धाच्या लोकाच्या नावासाठी चिनी बौद्ध परंपरेत 'परम' आणि हे अक्षर मिळून 'जीलऽ' हा शब्द रूढ झाला. कुमारजीवाने इ.स. ४०२ मध्ये केलेल्या छोट्या सुखावती सूत्राच्या चिनी अनुवादात तो आहे, आणि जपानीत तोच शब्द 'गोकुराकु' असा वाचला जातो. येथे अक्षराचा 'आनंद' हाच अर्थ अभिप्रेत आहे, म्हणून 'राकु', 'गाकु' नव्हे.

आणि आडनावांबाबत सावध राहावे. युए आणि लऽ ही दोन वेगळी आडनावे आहेत, लिहिताना मात्र दोन्हींसाठी हेच अक्षर वापरतात. यान राज्याचा इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील सेनापती युए यी याचे नाव 'लऽ यी' असे वाचणे चूक आहे, परंतु आज भेटणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तिला स्वतःलाच विचारलेले बरे.