मदत हवी आहे: नाडीचे ठोके, टी-टेस्ट आणि रेषांचा गुंता

नमस्कार मंडळी. एस.वाय.ला आहे, शरीरक्रियाशास्त्राचा छोटा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय. वर्गातल्या २४ जणांची नाडी आधी बसवून मोजली, मग दादरच्या पुलाचा जिना तीनदा चढायला लावून लगेच पुन्हा. (सकाळी सहाला! नंतर तिथे चढणं सोडा, उभं राहणंही मुश्कील.) १५ सेकंद मोजून गुणिले ४. म्हणजे एक ठोका चुकला की मिनिटामागे थेट ४ चा फरक. ३० सेकंद मोजावं, तर तोवर नाडी उतरायला लागते. काय बरं?

माणसं तीच, म्हणून पेअर्ड टी-टेस्ट (त्याच माणसांच्या आधीच्या-नंतरच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारी चाचणी) लावली, डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे जोड्या वजा एक) २३. मैत्रीण म्हणते अनपेअर्ड, म्हणजे दोन वेगळ्या गटांसाठीची. मला पटत नाही.

खरी अडचण आलेखाची. दोन सरासरींचे दोन खांब काढले, तर मॅडम म्हणाल्या, "यात माणसं कुठे दिसतात?" मग प्रत्येकाचे आधीचे-नंतरचे ठिपके रेषेने जोडले, तर नुसता गुंता. त्यात एकाची रेष चक्क खाली जाते! मोजताना चुकलंय असं वाटतं, पण तेवढ्यावरून आकडा काढून टाकायचा का? आणि एक्सेलमध्ये हा आलेख वाचता येईल असा कसा करू?