एम.एस्सी. सेमिनार: बेडकाचा थायमस आणि ग्राफ्ट रिजेक्शन, काय घेऊ, काय सोडू?

तापीकाठची_लेक:
नमस्कार मंडळी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष, जळगाव. उभयचरांत कातडीचा ग्राफ्ट (दुसऱ्याच्या कातडीचं कलम) रिजेक्ट होण्यात, म्हणजे शरीराने तो नाकारण्यात, थायमसचं (टी पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीचं) काम काय, हा विषय गळ्यात पडलाय. वेळ वीस मिनिटं. टी पेशी (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या), एमएचसी (पेशीवरची ओळखीची प्रथिनं), सगळं घेतलं तर पोरं झोपणार. कुठला प्रयोग धरू? प्रात्यक्षिक काही करता येईल का?

इम्युनो_धुळे:
ताई, थायमसची रचना दोन स्लाइडमध्ये गुंडाळा आणि हॉर्टन व मॅनिंग यांचा 1972 चा झेनोपस या आफ्रिकी बेडकावरचा प्रयोग धरा. टॅडपोल (बेडकाचं पिल्लू) जेमतेम आठवड्याचा असताना त्याचा थायमस तापल्या सूक्ष्म सुईने जाळायचा. पुढे दुसऱ्या बेडकाची कातडी लावली, तर एरवी तीनेक आठवड्यांत मरणारा ग्राफ्ट कितीतरी जास्त टिकतो.
पण ‘थायमस काढला की रिजेक्शन बंद’ असं लिहू नका, तिथेच पकडतात. प्रौढ बेडकात काढला तर तयार टी पेशी आधीच रक्तात आणि प्लीहेत पोचलेल्या असतात, लगेच काही बिघडत नाही. कधी काढला, यावर सगळा खेळ आहे.
आणि रूपांतराचा काळ सोडू नका. शेपटी जाते त्या दिवसांत थायमसमधल्या बहुतेक लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) नष्ट होतात, मग पुन्हा भरतात. प्रौढ शरीराची नवी प्रथिनं तेव्हाच तयार होत असतात, त्यांच्यावर स्वतःच हल्ला करून चालणार नाही. थोडाच फरक असलेला ग्राफ्ट या काळात खपूनही जातो. माझ्या मते सेमिनारचा जीव इथे आहे.

स्लाइडवाला_भाऊ:
प्रात्यक्षिक विसरा. यूजीसीच्या 2014 च्या सूचनांनंतर विच्छेदनच थांबलंय, जिवंत बेडकावर ग्राफ्ट कोण करू देणार? फोटो दाखवा. पोटाची चंदेरी कातडी पाठीवर बसवतात, गडद पाठीवर ती लखलखीत दिसते. आधी ग्राफ्टमधल्या केशवाहिन्या फुगतात, रक्त थबकतं, मग चंदेरी रंगपेशी तुटून ठिपके ठिपके होतात. शेवटचा ठिपका गेला की रिजेक्शन पूर्ण धरतात.

तापीकाठची_लेक:
दादा, हे पुस्तकात वाचून डोळ्यासमोर येत नव्हतं. तापमानाचं काय? सर विचारणार.

इम्युनो_धुळे:
थंडीत रिजेक्शन लांबतं, बेडूक थंड रक्ताचा ना. म्हणून तापमान दिल्याशिवाय दिवसांचा आकडा सांगूच नका. (आपल्या मे महिन्याचा हिशेब लावू नका, त्यात झेनोपसच उरणार नाही.)

पाचोऱ्याचा_मोसंबीवाला:
मन्हा एक येडा प्रश्न. आम्ही जंबेरीच्या (रानलिंबाच्या) खुंटावर मोसंबीचा डोळा बांधतो, तो का नाकारला जात नाही?

इम्युनो_धुळे:
येडा नाही, भाऊ. झाडाला थायमस नाही की रक्तात फिरणाऱ्या लिम्फोसाइट नाहीत. जात जवळची असली आणि सालीखालचे थर जुळले की डोळा धरतो. तोच डोळा आंब्यावर बांधून बघा, वाळेल. पण ते वेगळं गणित.

स्लाइडवाला_भाऊ:
ताई, परीक्षक एक नक्की विचारतील: सॅलॅमँडरलाही (शेपटीवाल्या उभयचरालाही) थायमस आहे, मग त्याचं रिजेक्शन इतकं रेंगाळतं का? महिना, कधी त्याहून जास्त. तिथे ‘थायमस कमजोर’ म्हणून मोकळं होऊ नका. तिथेही लहानपणी थायमस काढला की ग्राफ्ट टिकतो, म्हणजे काम त्याचंच, फक्त प्रतिसाद धीमा. बेडूक आणि न्यूट (सॅलॅमँडरचाच एक प्रकार) शेजारी शेजारी ठेवून एकच तक्ता करा, बाकी स्लाइड कमी केल्या तरी चालेल.