सोसायटीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: 'अर्ध्या तासाचं काम' म्हणणाऱ्यांना थोडं विचारायचंय

मुलुंडचा खजिनदार
आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २०१४च्या सुमाराचा लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे ते दार बंद. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम बसवता येते, म्हणून कमिटीतल्या दोन उत्साही पोरांनी छातीठोक सांगितलं, "लिनक्स टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे."

लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसली झकास, त्यात खोटं नाही. पण वायफाय नाही. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) कंपनीचा बंदिस्त, तो वेगळा उतरवावा लागतो, आणि उतरवायला नेट हवं. फोन यूएसबीने जोडून नेट दिलं, ड्रायव्हर उतरला, तरी वायफाय मुकंच. कारण सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू होतं. अशा वेळी एक पासवर्ड ठेवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तिथे 'एनरोल एमओके' (म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पोराने 'कंटिन्यू बूट'वर एंटर मारला. कोणीही मारेल, पहिला पर्याय तोच असतो. मग सहीची किल्ली न नोंदवलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही, आणि का घेत नाही हे साध्या माणसाला दिसेल अशा जागी कुठेही लिहिलेलं नसतं.

हे सगळं सुटतं, मान्य. पण सोडवणारा माणूस सोसायटीच्या पगारावर नाही. स्वतःच्या मशीनवर हवं ते करा. चार जण वापरतात त्या मशीनवर लिनक्स टाकायचा सल्ला सरसकट देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

टर्मिनलप्रेमी
खजिनदारसाहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. ड्रायव्हर बंदिस्त ठेवला चिपवाल्याने आणि आठव्या पिढीची अट घातली मायक्रोसॉफ्टने. लिनक्सने तर तुमच्या मशीनला आयुष्य दिलं. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि त्याला ४ जीबी रॅम पुरते.

शिवाय पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं आधीच बघता येतं. डिस्कला हातही लागत नाही. ते न करता थेट 'इन्स्टॉल' दाबणाऱ्यांच्या तक्रारी मी गंभीरपणे घेत नाही.

सायनची मॅनेजर
मी तीन सोसायट्यांचं ऑफिस बघते. वायफाय राहू द्या हो, एक तार लावली की प्रश्न मिटतो. माझ्याकडे नोटिसा, वार्षिक सभेचे अहवाल, सगळं श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आहे, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचं. ती फाइल दुसरीकडे उघडली की अगम्य चिन्हांची रांग. हिशेब टॅलीत, आणि टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही. 'वाइनमध्ये चालवा' (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) म्हणणाऱ्याने ३१ मार्चला माझ्या शेजारी येऊन बसावं.

आणि प्रिंटर! छोटे स्वस्त लेझर प्रिंटर बरेचदा स्वतः काहीच करत नाहीत, पान तयार करायचं सगळं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. तो ड्रायव्हर विंडोजसाठी लिहिलेला. लाइव्ह चालवून कळेल की प्रिंट येत नाही. बरं, कळलं. पुढे?

टर्मिनलप्रेमी
पुढे युनिकोड, ताई. त्या जुन्या फॉन्टातल्या फाइली विंडोजवरही दुसऱ्याला पाठवल्या की बिघडतात. मिंटवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, लिनक्सचे धडे मराठीतून, फुकट.

टॅलीचं मात्र मान्य. टॅली असेल तर नका टाकू.

ग्रँट रोड पूर्व
लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीचं काम करतो (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, म्हणत कोणी नाही). माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या बहुतेक 'स्लो' लॅपटॉपचा रोग फिरती डिस्क हाच असतो. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला, विंडोज १० ठेवा, आणि मायक्रोसॉफ्टच्या जादा अपडेट योजनेत नाव नोंदवा, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतात. एवढ्यात काम भागतं तर सगळ्या ऑफिसला नवी सवय कशाला?

अजून एक. लिनक्स टाकताना 'डिस्कच दिसत नाही' म्हणून लोक घाबरून येतात. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, रेडवर असतो, तो एएचसीआय केला की दिसते. पण आतलं विंडोज ठेवायचं असेल तर आधी ते सेफ मोडला लावून मगच मोड बदला, नाहीतर विंडोज उठणार नाही. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ अंकी किल्ली आधी लिहून घ्या. बायोसमध्ये हात घातल्यावर ती मागितली, तर गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि मी छताकडे.

परळची नाखूष
दुकानदारदादा, आणि ऑक्टोबर २०२६नंतर? तेव्हाही 'काम भागतं' म्हणायचं? विंडोज ७चं हेच झालं. २०२३च्या फेब्रुवारीत क्रोम ब्राउझरने ७ आणि ८.१चा सपोर्ट सोडला, तरी लोक त्यावर बँकेचे व्यवहार करत राहिले. आणि तुमच्या गल्लीत 'विंडोज मारून देतो' म्हणतात त्यातल्या किती जणांकडे परवाना असतो हेही सांगा.

ग्रँट रोड पूर्व
परवान्याचं बोललात ते बरोबर, सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. मी बिल देतो. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने अटी चुकवून विंडोज ११ टाकून द्या म्हणणारेही येतात. टाकता येतं, पण पुढे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे मी आधी सांगतो. ऐकून घेतल्यावर निम्मे जण चहा पिऊन परत जातात.

मुलुंडचा खजिनदार
नाखूषताई, २०२६चा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नवा लॅपटॉप हेच आहे. सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेऊ.

टर्मिनलप्रेमी, टॅली आमच्याकडेही आहे. तुम्ही वर सायनच्या ताईंना जे सांगितलंत, तेच मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय.

टर्मिनलप्रेमी
टॅली आहे हे पहिल्या पोस्टमध्ये कुठे लिहिलंत? वायफायवर एवढं लांबण लावलंत आणि मुख्य अडचण आता सांगताय! पत्ता कळवा, रविवारी येतो, दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी बसवून देतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पुरतं बंद न होता झटपट सुरू व्हायची सोय) तेवढं बंद करून ठेवा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या फाइली नुसत्या वाचता येतील.

सायनची मॅनेजर
रविवारी बसवाल. सोमवारी मेंटेनन्सची बिलं छापताना चुकीची सिस्टिम चालू झाली तर फोन कोणाला करायचा, तेही आत्ताच लिहून ठेवा.