बिंगो पिनबॉलमध्ये ओळ लागली हे मशीनला कळतं कसं?

तारांचा_गुंता:
अमेरिकेतल्या 1950 च्या दशकातल्या बॅली कंपनीच्या बिंगो पिनबॉल मशीन उघडून दाखवणारे व्हिडिओ बघतोय सध्या. फ्लिपर (गोळा परत वर उडवणारे दांडे) नाहीत, 25 भोकं, पाच गोळे आणि मागच्या काचेवर बिंगोचं कार्ड, तीन-चार-पाच नंबर एका ओळीत लागले की फुकटचे गेम. आत बघितलं तर नुसते रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), मोटर, गोल चकत्या आणि वायरींचं जंगल, चिप सोडा साधा ट्रान्झिस्टरही नाही. मग ओळ लागली हे ठरवतं कोण? आणि दुसरं म्हणजे जास्तीची नाणी टाकत गेलं की कधी ऑड्स (ओळ लागल्यावर किती फुकट गेम मिळणार ते) वाढतात तर कधी नाणं नुसतंच गिळलं जातं, हे निव्वळ नशीब की आत काही सेटिंग असतं? सर्किट डायग्राम उघडला होता, दोन मिनिटात बंद केला.

रिलेवाला:
डायग्राम नंतर बघा, आधी भोकाखाली काय आहे ते बघा. गोळा भोकात पडला तरी खाली जात नाही, खालच्या सरकत्या फळीवर अडकून बसतो आणि तिथे बसल्याबसल्या एक स्विच दाबून ठेवतो. म्हणजे कुठला नंबर लागला हे लक्षात ठेवायचं काम गोळाच करतो, त्यासाठी वेगळा रिले कशाला पाहिजे. नवीन गेम सुरू झाला की मोटर ती फळी सरकवते, भोकाला भोक जुळतं आणि सगळे गोळे खाली.

आता ओळीचं. कार्ड 5 बाय 5 चं, म्हणजे आडव्या 5, उभ्या 5, तिरप्या 2. प्रत्येक ओळीला वेगळे रिले लावले असते तर कॅबिनेटमध्ये मावले नसते. म्हणून सर्च डिस्क असते, मोटरने वायपर (चकतीवर घासत जाणारे धातूचे हात) फिरतात आणि ते एकेका ओळीच्या पाच नंबरांचे स्विच त्याच पाच सर्च रिलेंना आळीपाळीने जोडत जातात. त्या रिलेंचे कॉन्टॅक्ट असे सिरीजमध्ये ओवलेत की 1-2-3, 2-3-4 किंवा 3-4-5 एकदम ओढले गेले तरच करंटला वाट मिळते. 1-2-4 आले तर काही नाही, सलगच पाहिजेत. (मधला रिले प्रत्येक वाटेत येतो बघा, त्याचा कॉन्टॅक्ट खराब असेल तर ते मशीन ओळीचे फुकट गेम कधीच देणार नाही!) वाट मिळाली की सर्च थांबतो आणि रिप्ले (म्हणजे फुकट गेम) मोजणारं रजिस्टर खटखट करत एकेक आकडा चढायला लागतं, सोबत एक स्टेपर (एकेक पायरी सरकणारा फिरता स्विच) मोजत असतो, ऑड्सप्रमाणे जेवढे द्यायचे तेवढ्या खुणेवर तो पोचला की सर्किट तुटतं.

तारांचा_गुंता:
वा, म्हणजे मोजणारा स्टेपर जिथे उभा आहे तोच आकडा. हे डोक्यात बसलं. पण ऑड्सचं काय?

जुना_खटका:
ऑड्सचं मी सांगतो, खरी गंमत तिथेच आहे आणि लबाडीपण.

प्रत्येक नाण्याबरोबर मोटर फिरते आणि मिक्सरच्या, म्हणजे वायरींच्या जोडण्या बदलणाऱ्या, चकत्या कुठल्यातरी जागी थांबतात. मिक्सर एकाहून जास्त असतात, एकातून निघालेली वायर दुसऱ्यात जाते, शिवाय स्पॉटिंग डिस्क नावाची अजून एक चकती वेगळी. या सगळ्यातून सलग वाट जुळली तर ऑड्स एक पायरी वर किंवा एखादं फीचर चालू, नाही जुळली तर नाणं गेलं. एवढंच असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या वाटेत अजून एक युनिट बसवलेलं असतं, रिफ्लेक्स युनिट. लोक नाणी घालत राहिले की हे एका दिशेने सरकत जातं आणि मिक्सरच्या जास्त वाटा उघड्या करतं, मशीनने रिप्ले दिले की उलट दिशेने सरकतं आणि वाटा बंद होत जातात. म्हणजे आधीच्या माणसाने मोठा हात मारला असेल तर तुम्ही बिचारे आखडलेल्या मशीनवर खेळताय, आणि बाहेरून त्याचा काहीही पत्ता लागत नाही. वरून ऑपरेटरला (बारमध्ये मशीन लावणाऱ्याला) ते सैल किंवा घट्ट करायची सोयही असायची.

त्यामुळे हा कौशल्याचा खेळ आहे हा बचाव मला कधी पटला नाही. गोळा मारण्यात आणि मशीनला हलके धक्के देण्यात हात लागतो, मान्य, जोरात ढकललं तर टिल्टचा लोलक कडीला टेकतो आणि गेम संपला. पण ऑड्स तुमच्या हातात नाहीत.

बॅकग्लास_प्रेमी:
पैशाचा भाग राहिला. मशीन स्वतः रोकड देतच नव्हतं, देत होतं फक्त फुकटचे गेम. बारवाला काउंटरवरून त्या गेमचे पैसे द्यायचा आणि लपवलेलं नॉक-ऑफ बटण दाबून रजिस्टर शून्यावर आणायचा, आत मीटर किती गेम पुसले ते नोंदवायचं म्हणजे बारमालक आणि ऑपरेटरचा हिशोब जुळतो. करमणुकीच्या मशीनला शेकडो गेम पुसायचं बटण कशाला लागतं सांगा! 1957 मध्ये कॉर्पान खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, फुकट गेमच्या बदल्यात रोख दिली जात असेल तर कराच्या दृष्टीने हे जुगाराचं यंत्र, म्हणजे वर्षाला 10 डॉलर नाही तर 250 डॉलर कर.

तारांचा_गुंता:
जबरदस्त. एक शेवटचं, व्हिडिओतलं मशीन दिवे लावतं, मोटर फिरत राहते पण गेम सुरूच होत नाही. कॉइल (रिले ओढणारी तारेची गुंडाळी) जळाली असेल का?

रिलेवाला:
कॉइल सगळ्यात शेवटी बघायची. आधी शून्यावर परत येणारा प्रत्येक स्टेपर हाताने पुढे ढकला आणि त्याला अडवणारा खटका सोडवा, स्प्रिंगने खट्कन शून्यावर आला पाहिजे. जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं, वायपर मधेच अडकतो, शून्याचा स्विच लागत नाही आणि मोटर वेड्यासारखी फिरत राहते. युनिट उघडून जुनं ग्रीस पूर्ण पुसायचं, त्यावर स्प्रे मारून भागत नाही. रिलेच्या पत्त्या काळ्या पडल्या असतील तर बारीक कॉन्टॅक्ट फाइलचा एखाददुसरा हात, पॉलिश पेपर अजिबात नको. आणि हे सगळं प्लग काढून, आत मेन्सचा करंट खेळत असतो.

जुना_खटका:
+1. आणि वायरी काढण्याआधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी.