उंबरठा की अर्थ?

'अर्थ'साठी शबाना आझमीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा 'उंबरठा'तल्या स्मिता पाटीलवर सरळसरळ अन्याय झाला, असं काही जण म्हणतात. ते मला अर्धंच पटतं. 'उंबरठा'तली सुलभा महाजन पाहून मीही हळहळलोय. शबानाला तो पुरस्कार मिळाला आणि 'उंबरठा'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा, हे खरं. पण त्या 'अर्थ'मध्येच स्मिताही आहे, हे कुणीच लक्षात घेत नाही. शबानाच्या पूजाचा संसार मोडणारी कविता म्हणजे स्मिताच! पार्टीत पिऊन आलेली पूजा तिच्यावर तुटून पडते, तेव्हा माझी नजर दरवेळी स्मिताकडेच जाते. संवाद सगळे शबानाचे, हिने नुसतं ऐकायचं. ते ऐकणं सोपं नाही.

तरीही अभिनेत्रीचा पुरस्कार मी स्मितालाच दिला असता, तोही 'उंबरठा'साठीच. पूजाला निदान ओरडायला, रडायला जागा आहे. सुलभाला ती जिथे अधीक्षक आहे त्या महिलाश्रमातही आवाज चढवून चालत नाही आणि घरीही. सगळं त्या डोळ्यांत. बाकी 'भूमिका' आणि 'चक्र'साठी तिला आधीच दोनदा मिळाला होता, म्हणून परीक्षकांनी हात आखडता घेतला, हा तर्क मात्र मला लंगडा वाटतो. शबानाला पुढची दोन वर्षंही तोच पुरस्कार मिळाला की, 'खंडहर' आणि 'पार'साठी.